समोरच्या एका दाताचं इम्प्लांट: कधी बसवायचं आणि नेमकं कुठे

"मॅडम, गणपतीपर्यंत दात बसेल ना?"

हा प्रश्न मला जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ दरवर्षी येतो. पुण्यात या दिवसांत ढोलपथकांचे सराव जोरात असतात, नदीपात्रात संध्याकाळी नुसता दणदणाट, आणि शेजारच्याचं टिपरू सुटून कुणाच्या तरी तोंडावर बसतंच. मागे एक सव्वीस वर्षांची मुलगी अशीच आली होती, तोंडाला रुमाल, मागे रडवेली आई. वरचा मधला डावा दात, म्हणजे पटाशीच्या दातांपैकी एक, हलत होता आणि एक्स-रेमध्ये मुळाला हिरडीच्या जरा आत आडवी चीर दिसत होती. गणपती सहा आठवड्यांवर. ती पथकात पहिल्या रांगेत वाजवायची, त्यामुळे मिरवणुकीचे फोटो, व्हिडिओ, सगळं आलंच. तिच्या केसचा धागा धरूनच पुढचं सगळं लिहिते, कारण समोरच्या दाताच्या इम्प्लांटमध्ये (म्हणजे गेलेल्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा स्क्रू, ज्यावर पुढे दात लागतो) लोक ब्रँड विचारतात, किंमत विचारतात, दुखेल का विचारतात, पण खरा खेळ असतो कधी बसवायचं आणि कुठे बसवायचं या दोनच गोष्टींचा. दाढेत मिलीमीटरभर इकडेतिकडे झालं तर कुणाला कळत नाही, समोर मात्र हसल्या हसल्या कळतं.

सगळ्यात आधी: दात खरंच जाणार आहे का?

इम्प्लांटच्या गोष्टी करायच्या आधी हे बघा. दात पूर्ण निखळून हातात आला असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका, माती लागली असेल तर दुधात नाहीतर सलाइनमध्ये हलकेच विसळा आणि जमलं तर तिथल्या तिथे खोबणीत परत बसवून, रुमाल चावून धरून डेंटिस्ट गाठा. जमत नसेल तर थंड दुधात टाकून आणा. अर्ध्या तासात आलात तर बरंच काही वाचवता येतं, तासाच्या पुढे प्रकरण अवघड होत जातं. टिश्यू पेपरात गुंडाळून पर्समध्ये आणलेला सुकलेला दात बघितला की मला फार वाईट वाटतं, कारण कोपऱ्यावरच्या डेअरीत दुधाची पिशवी मिळत असते हो. (हे मोठ्यांच्या दाताचं. लहान मुलाचा दुधाचा दात निखळला तर तो परत बसवत नाहीत.)

मुळाला चीर गेली म्हणजे दात काढायचाच असंही नाही. चीर मुळाच्या टोकाकडे असेल तर दात शेजारच्यांना तारेने बांधून ठेवला की बऱ्याचदा टिकतो. आमच्या मुलीची चीर मात्र वरच्या भागात होती, मुळाचा उरलेला तुकडा कॅप पेलण्याइतका लांब नव्हता. म्हणून काढायचं ठरलं.

आणि वय बघा. वाढ पूर्ण व्हायच्या आत समोर इम्प्लांट नाही म्हणजे नाही. इम्प्लांट हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, ते जागचं हलत नाही, शेजारचे दात मात्र जबड्याच्या वाढीबरोबर खाली सरकत राहतात आणि काही वर्षांनी इम्प्लांटवरचा दात आखूड, वर अडकल्यासारखा दिसायला लागतो. मुलींमध्ये साधारण सतरा-अठरा, मुलांमध्ये वीस-एकवीस असं ढोबळ धरतात, पण नुसत्या वयावर जाऊ नये, वर्षभराच्या अंतराने काढलेल्या एक्स-रेमध्ये वाढ थांबलेली दिसली पाहिजे. तोपर्यंत एका बाजूच्या दाताला पंख चिकटवून लावलेला दात, त्याला मेरीलँड ब्रिज म्हणतात, उत्तम चालतो. बारावीतल्या पोराला घेऊन येणारे पालक यावर नाराज होतात. होऊ देत.

ओठाकडची भिंत

आता मुद्द्याचं. वरच्या समोरच्या दातांच्या मुळावर ओठाच्या बाजूला जे हाड असतं ते बहुतेक माणसांत एक मिलीमीटरपेक्षाही पातळ असतं, पुष्कळदा अर्धाच मिलीमीटर. तुमच्या बोटाच्या नखाएवढं समजा. आणि या पातळ भिंतीला रक्तपुरवठा बऱ्याच अंशी दाताभोवतीच्या तंतूंमधून होतो, म्हणजे दात गेला की तिचा शिधाच बंद. पेठेतला जुना वाडा रिकामा झाला की एक-दोन पावसाळ्यांत भिंत कशी ढासळायला लागते, तसंच इथे होतं, फक्त पावसाळ्यांऐवजी आठवडे लागतात.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या टीमने २०१३ मध्ये हे मोजून दाखवलं. जिथे भिंत एक मिलीमीटरपेक्षा पातळ होती तिथे दात काढल्यावर आठ आठवड्यांत ती मधोमध उंचीला सुमारे साडेसात मिलीमीटर खचलेली होती, जाड भिंत जेमतेम एक मिलीमीटर. त्याआधी २००३ मध्ये डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात, तो मागच्या दातांवर होता, वर्षभरात हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी झाली आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. त्यामुळे "आधी दात काढून ठेवू, इम्प्लांटचं दिवाळीनंतर बघू" हे वाक्य ऐकायला साधं आहे, पण त्या दिवसापासून तोंडात मीटर चालू झालेलं असतं.

आणि उलटं पण खरं, की घाई करून त्याच दिवशी इम्प्लांट टाकलं म्हणून ही भिंत वाचत नाही. पूर्वी तसं वाटायचं. भिंत दातासाठी होती, इम्प्लांटसाठी नाही, ती जायची ती जातेच.

कधी बसवायचं: चार वेळा, चार हिशोब

२००४ मध्ये छापलेल्या एका आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार चार प्रकार पडतात आणि आम्ही रोज तेच वापरतो. पहिला, दात काढला त्याच बैठकीत इम्प्लांट. दुसरा, चार ते आठ आठवड्यांनी, म्हणजे हिरडी भरून आलेली असते पण हाड अजून नाही. तिसरा, बारा ते सोळा आठवड्यांनी, थोडं हाड भरल्यावर. चौथा, सोळा आठवड्यांच्या पुढे, सगळं भरून झाल्यावर.

त्याच दिवशी करायचं झालं तर सगळ्या अटी जुळाव्या लागतात, सोयीच्या दोन-तीन नाही. ओठाकडची भिंत अख्खी आणि एक मिलीमीटरपेक्षा जाड, हिरडी जाड, पू किंवा ताजं इन्फेक्शन नाही, आणि मुळाच्या टोकापलीकडे आणि टाळूच्या बाजूला इम्प्लांट घट्ट पकडेल इतकं हाड, म्हणजे टोकापलीकडे निदान तीन ते पाच मिलीमीटर. असं सगळं जुळलं तर जरूर करावं, एकच ऑपरेशन, पेशंट खूश. पण समोरच्या दातांत अशी जाड भिंत कमी लोकांना असते, त्यामुळे प्रत्येकाला "आज दात काढा, आजच दात घेऊन जा" सांगणारी जाहिरात बघितली की माझी भुवई वर जाते.

माझ्या हातून सगळ्यात जास्त होतो तो दुसरा प्रकार. सहा-आठ आठवड्यांत खोबणीवर हिरडी येते, म्हणजे ग्राफ्ट (हाड कमी पडतं तिथे भरायचं हाड किंवा हाडाची पावडर) झाकायला तीन-चार मिलीमीटर जास्तीची हिरडी फुकटात मिळते, इन्फेक्शन असलं तर निवळतं, पातळ भिंतीच्या जागची हिरडी आपोआप जाडसर होते, आणि बाजूच्या दातांकडचं हाड अजून टिकून असल्यामुळे जो खड्डा उरतो तो वाटीसारखा, ग्राफ्ट धरून ठेवणारा असतो. तिसरा प्रकार टोकाला मोठी गाठ वगैरे असेल आणि इम्प्लांटला पकड मिळणारच नसेल तेव्हा. चौथा शक्यतो टाळायचा, आणि टाळता येत नसेल (वय लहान, गरोदरपण, परदेशी जाणं, पैसे) तर दात काढतानाच खोबणीत ग्राफ्ट भरून ठेवायचा म्हणजे निदान सगळं बसणार नाही.

काय काय तपासून घ्यायचं

साध्या एक्स-रेवर समोरचं इम्प्लांट ठरवू नका. ओपीजीत, म्हणजे अख्खा जबडा एका चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेत, ओठाकडची भिंत दिसतच नाही, कारण ते चित्र समोरून असतं आणि आपल्याला हवी असते आडवी फाक, पावाची स्लाइस कापल्यासारखी. ती सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये, दिसते. पुण्यात आता डेंटल स्कॅनची सेंटर्स गल्लोगल्ली आहेत, छोट्या भागाचा स्कॅन पुरतो, अख्ख्या डोक्याचा नको. एक युक्ती सांगते: स्कॅनच्या वेळी ओठाखाली कापसाची गुंडाळी ठेवायला सांगा, ओठ हिरडीपासून सुटा झाला की हिरडीची जाडीही त्याच चित्रात दिसते.

मग हसायला लावायचं. खरं हसायला, फोटोतलं नाही. हसताना हिरडी किती दिसते यावर जोखीम ठरते. आमच्या मुलीची तीन मिलीमीटर दिसत होती, म्हणजे चुकीला माफी नाही. हिरडी पातळ की जाड हे बघायला प्रोब नावाची बारीक सळई हिरडीच्या कडेत घालायची, आरपार सावली दिसली तर पातळ. दात त्रिकोणी असतील तर जास्त काळजी, चौकोनी असतील तर थोडं नशीब. शेजारच्या दातांचं हाड कुठपर्यंत आहे हेही मोजायचं, कारण दोन दातांमधला हिरडीचा तो गुलाबी त्रिकोण इम्प्लांटच्या नाही, शेजारच्या दाताच्या हाडावर टेकून उभा असतो. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपासून हाडापर्यंत पाच मिलीमीटर किंवा कमी असेल तर तो त्रिकोण जवळपास नेहमी भरतो, सहा झालं की निम्म्याच्या जरा वर, सात झालं की चारांत एकाच्या आसपास. हे आकडे १९९२ सालचे, नैसर्गिक दातांवरचे, पण अंदाज बांधायला आजही तेच वापरतात. शेजारच्या दाताचं हाड आधीच खाली गेलेलं असेल तर काळं भोक राहणार हे पेशंटला आधी सांगायचं, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

शुगर, सिगारेट, मिश्री, तंबाखू, हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या-इंजेक्शनं, हे सगळं खरं खरं सांगा. मिश्री लावणाऱ्या आजी "मी काही तंबाखू खात नाही हो" असं मनापासून सांगतात, म्हणून मी नाव घेऊनच विचारते. सिगारेट आणि हाडाचा ग्राफ्ट यांचं मुळीच पटत नाही.

दात काढणं: इथेच निम्मं काम बिघडतं

समोरचा दात ओठाकडे ढकलून काढायचा नाही, कारण तीच ती नखाएवढी भिंत. पेरिओटोम नावाचं पातळ पातं मुळाभोवती फिरवून तंतू कापत जायचे, अडला तर मूळ उभं कापून तुकडे आतल्या आत गोळा करून काढायचे. हिरडी उघडायची नाही. आमच्या मुलीच्या दातात मुळाचा टोकाकडचा तुकडा काढायला चाळीस मिनिटं गेली, आई बाहेर दोनदा डोकावून गेली. तुकडा निघाल्यावर खोबण साफ केली, प्रोबने ओठाकडची भिंत चाचपली, आणि मधोमध चार मिलीमीटर खाली गेल्यावर कुठे हाड लागलं. टिपऱ्याच्या फटक्याने भिंतीचा कपचाच उडालेला होता. त्याच क्षणी "आजच इम्प्लांट" हा विषय संपला.

मधल्या काळात बोळकं ठेवायचं का?

अजिबात नाही. काढायच्या आधीच माप घेऊन ठेवायचं म्हणजे दात काढल्यावर टेम्पररी लगेच लागतो. सोपा पर्याय पारदर्शक रिटेनर, त्यातच एक दात भरलेला, जेवताना काढायचा. दुसरा, शेजारच्या दातांना चिकटवलेला टेम्पररी. काढता-घालता येणारी गुलाबी प्लेट स्वस्त पडते पण ती हिरडीवर दाबते, खाली ग्राफ्ट असेल तर ते दाबणं महागात जातं, म्हणून ती वापरायचीच तर आतून खरवडून हिरडीपासून उचललेली हवी.

आमच्या मुलीला चिकटवलेला दात दिला. तिने गणपतीत तो घालून विसर्जनापर्यंत वाजवलं, मोदक खाल्ले, एकदाही सुटला नाही. गणपतीपर्यंत दात बसेल का याचं उत्तर हे असं असतं: दात दिसेल, इम्प्लांट नंतर.

कुठे बसवायचं: तीन दिशा

विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात, काढल्यापासून आठ आठवडे भरताना, इम्प्लांट ठरवलं. आता हा भाग जरा सावकाश वाचा.

नियम एकच, हाड जिथे आहे तिथे इम्प्लांट बसवायचं नाही, दात जिथे हवा तिथे बसवायचं आणि हाड कमी पडेल तिथे भरायचं. त्यासाठी आधी होणारा दात कॉम्प्युटरवर किंवा मेणात तयार करायचा, तो स्कॅनवर ठेवायचा आणि त्याच्या मागे इम्प्लांट कुठे येतो ते बघायचं. त्यावरून गाइड, म्हणजे दातांवर बसणारा साचा, छापून घेतला की ड्रिल भरकटत नाही. गाइड दातांवर नीट बसला का हे मात्र तोंडात खिडक्यांमधून बघायचं, छापलंय म्हणजे बरोबरच असणार असं नाही.

डावी-उजवी दिशा: इम्प्लांट आणि शेजारच्या मुळात प्रत्येक बाजूला निदान दीड मिलीमीटर हाड राहिलं पाहिजे. नाहीतर शेजारचं हाड खाली जातं आणि मघाचा तो गुलाबी त्रिकोण गेला. हिशोब करून बघा. बाजूच्या छोट्या पटाशीच्या दाताची जागा साधारण साडेसहा मिलीमीटर, त्यातून दोन्हीकडचे दीड-दीड वजा केले की साडेतीन उरतात, म्हणून तिथे सव्वातीन-साडेतीनच्या आसपासचं बारीक इम्प्लांट लागतं. मधल्या मोठ्या दाताची जागा साडेआठच्या आसपास, तिथे साडेपाचचं मावेल असं गणित सांगतं, पण मी चारच्या आसपासचंच घेते. जाड इम्प्लांट म्हणजे मजबूत हा समज दाढेत चालतो. समोर जाड इम्प्लांट ओठाकडची जागा खातं.

वर-खालची दिशा: होणाऱ्या दाताची हिरडीशी जी कड असेल तिच्यापासून तीन ते चार मिलीमीटर आत इम्प्लांटचं तोंड. कमी आत ठेवलं तर गोल बारीक इम्प्लांटवरून रुंद दाताचा आकार उमलायला जागाच उरत नाही, दात खुंटीवर टोपी अडकवल्यासारखा दिसतो. फार खोल घातलं तर हाड आणखी खाली जातं. शेजारच्या नाही, त्याच्या जोडीच्या पलीकडच्या दाताची कड बघून हे ठरवायचं.

आणि तिसरी दिशा, ओठ-टाळू, जिथे सगळे घसरतात. मी स्वतः घसरलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेतल्या बाईंचा मधला दात काढून त्याच दिवशी इम्प्लांट टाकलं. ड्रिल खोबणीत घातला की तो टाळूकडचं टणक हाड सोडून मऊ बाजूला, ओठाकडे सरकतो, आणि मला वाटलं खोबणीच्या मधोमध म्हणजे बरोबरच. टॉर्क, म्हणजे इम्प्लांट आवळताना लागणारा जोर, छान आला, दात सुंदर दिसला, बाईंनी पेढे आणले. दीड वर्षाने हिरडी दोन मिलीमीटर वर सरकली, दात शेजारच्यापेक्षा लांब, वर राखाडी झाक. बाईंनी एका शब्दाने तक्रार केली नाही, फक्त वर्गात शिकवताना हात तोंडासमोर धरायची सवय लागली होती, ते त्यांच्या बहिणीने मला सांगितलं. शेवटी ते इम्प्लांट काढून, ग्राफ्ट करून, परत सगळं करेपर्यंत वर्ष गेलं, पैसे मी घेतले नाहीत, घेणार तरी कुठल्या तोंडाने.

तर ड्रिल खोबणीच्या टोकात नाही, टाळूकडच्या उतारावर सुरू करायचा, आणि हाताचा सगळा जोर टाळूकडेच ठेवायचा. इम्प्लांटच्या ओठाकडे निदान दोन मिलीमीटर हाड, स्वतःचं किंवा भरलेलं, राहिलं पाहिजे. कोन असा की स्क्रूचं भोक दाताच्या मागच्या बाजूला, जीभ लागते तिथे यावं. भोक पुढच्या पृष्ठभागावर येत असेल तर इम्प्लांट पुढे झुकलंय हे समजून चला. फार मागेही नको, खालचे दात आपटतात आणि दाताला मागे कट्टा येतो, त्यात अन्न अडकतं. मधल्या दाताच्या मागे टाळूत नसेची नळी असते, स्कॅनमध्ये ती पण बघून ठेवायची.

त्याच दिवशीच्या केसमध्ये असं टाळूकडे बसवलं की इम्प्लांट आणि ओठाकडच्या भिंतीत फट राहते. राहूच दे, दोन मिलीमीटर किंवा जास्त हवीच, त्यात हाडाची पावडर भरायची. इम्प्लांट साधारण तीस-पस्तीस न्यूटन सेंटीमीटरला घट्ट बसलं तरच वर लगेच टेम्पररी दात लावायचा, आणि तोही चावताना कुठेच टेकायला नको. निळा कागद चावून, जबडा पुढे-मागे-बाजूला करून डाग उठला की घासायचा.

ग्राफ्ट: कशापासून बनलाय ते विचारा

आमच्या मुलीची हिरडी उघडल्यावर ओठाकडे वाटीसारखा खड्डा होता, इम्प्लांटचे तीन-चार आटे उघडे. त्यावर आधी तिचंच जवळून खरवडलेलं थोडं हाड, त्यावर पावडर, वर विरघळणारा पडदा, आणि ताण न येता टाके. टाके ओढून लावले तर फाटतात, म्हणून हिरडी आतून मोकळी करून घ्यायची.

आता एक गोष्ट जी फार कमी जण आधी सांगतात. सगळ्यात जास्त वापरली जाणारी पावडर गाईच्या हाडापासून केलेली असते आणि पडदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजनचा. प्रक्रियेत त्यातला जैविक भाग काढलेला असतो, वैद्यकीयदृष्ट्या सुरक्षित आहे, पण पुण्यात अनेक घरांत हे चालत नाही आणि ऑपरेशननंतर पाकिटावर वाचून कळणं वाईट. पर्याय आहेत: कृत्रिम पावडर, स्वतःचं हाड, किंवा दात्याचं मानवी हाड, जे आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेतूनही येतं. कृत्रिमातली काही लवकर विरघळतात आणि समोर आपल्याला आकार टिकायला हवा असतो, एवढं लक्षात घेऊन निवडा. डॉक्टरला न लाजता विचारा, आणि डॉक्टरलोकहो, तुम्ही विचारायची वाट बघू नका.

हिरडी पातळ असेल तर टाळूतून कातडीखालचा एक तुकडा घेऊन ओठाकडे सरकवायचा. टाळू आठवडाभर चांगलाच हुळहुळतो, तिखट मिसळ विसरा. इम्प्लांटपेक्षा लोकांना हेच जास्त आठवतं.

थांबायचं

ग्राफ्ट असेल तर मी चार महिने थांबते. नुसतं इम्प्लांट असेल तर दोन-तीनही पुरतात. गंमत म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांट पहिल्या दिवसापेक्षा ढिलं असतं, जुनं हाड विरघळलेलं आणि नवं अजून धरलेलं नाही, आणि नेमकं तेव्हाच पेशंटला सगळं बरं वाटत असतं म्हणून तो पेरू चावतो. टायटॅनियमला हाड चिकटतं या शोधावर गोथेनबर्गमध्ये ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवलं, तेव्हापासून तंत्र खूप बदललं, पण हाडाला लागणारा वेळ फारसा मागे-पुढे होत नाही.

आमचं वेळापत्रक असं झालं: जुलैत दात काढला, विसर्जनानंतर इम्प्लांट, दिवाळीत फराळ मागच्या दातांनी, आणि संक्रांतीच्या आठवड्यात हिरडी छोट्या छेदाने उघडून स्क्रूवाला टेम्पररी. तिळगूळ वड्या तिने फोडून फोडून खाल्ल्या.

हिरडीला आकार देणं

इथे थेट शेवटची कॅप लावायची घाई करू नका. इम्प्लांटचं तोंड गोल, दाताची मान त्रिकोणी, मधला बोगदा टेम्पररीनेच घडवावा लागतो. ओठाकडे तो आधी आत खोलगट ठेवायचा, फुगीर केला की हिरडी वर पळते. मग दर दोन-तीन आठवड्यांनी बाजूंना थोडं थोडं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल) वाढवत हिरडी ढकलायची. लावल्यावर हिरडी पांढरी पडते, दहा-पंधरा मिनिटांत गुलाबी झाली तर ठीक, नाही झाली तर जास्त झालं, काढून घासायचं. दोन-तीन महिने हे चालतं. मग त्या घडलेल्या बोगद्याचं माप जसंच्या तसं लॅबला जायला हवं. टेम्पररी काढल्यावर हिरडी काही मिनिटांत मिटायला लागते, म्हणून टेम्पररीच्याच आकाराची नक्कल मापाच्या खुंटीवर करून घ्यायची, किंवा टेम्पररी काढून लगेच स्कॅन.

कॅप शक्यतो स्क्रूने बसणारी घ्या. सिमेंटने चिकटवली तर हिरडीखाली उतू गेलेलं सिमेंट दिसत नाही आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथे सूज, पू, हाड झिजणं सुरू होतं. हिरडी पातळ असेल तर आतला जोड झिर्कोनियाचा घ्या, टायटॅनियमची राखाडी झाक येत नाही. शेड बघताना खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, आणि दात कोरडे पडायच्या आत. एकटा मधला दात जुळवणं हे लॅबवाल्यासाठी सगळ्यात अवघड काम, शक्य असेल तर लॅबमध्ये स्वतः जाऊन दाखवा, आमची मुलगी दोनदा गेली, आणि तिसऱ्या वेळी ती कुठला दात खोटा ते मला ओळखायला लावून हसली. पाडव्याच्या आदल्या दिवशी फायनल स्क्रू आवळला, भोकात टेफ्लॉनची पट्टी, वर कॉम्पोझिट.

पैसे

कोटेशनमध्ये स्कॅन, दात काढणं, मधला टेम्पररी, ग्राफ्ट आणि पडदा, आकार द्यायचा टेम्पररी, फायनल कॅप, हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. बरेचदा स्वस्त आकडा फक्त स्क्रूचा असतो. बजेट कमी असेल तर भारती विद्यापीठ, रंगूनवाला, सिंहगड, डी. वाय. पाटील या डेंटल कॉलेजांमध्ये चौकशी करा, फेऱ्या जास्त होतात पण कामावर सरांचं लक्ष असतं. इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर, त्यावर कंपनी, साइझ, बॅच नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी स्क्रू ढिला झाला आणि तुम्ही तोवर बंगळूरला असलात तर तिथल्या डॉक्टरला कुठला पाना लागेल हे त्यावरूनच कळतं.

नंतर

सहा महिन्यांनी सफाई, पहिल्या वर्षी एक एक्स-रे, मग गरजेप्रमाणे. घरी फ्लॉस किंवा बारीक ब्रश. दाब दिल्यावर रक्त आलं तर दोन आठवड्यांत दाखवा, दुखायची वाट बघू नका, इम्प्लांटभोवतीची सूज बरेचदा दुखत नाही. समोरच्या इम्प्लांटने ऊस सोलायचा नाही, चिक्की फोडायची नाही, बाटलीचं झाकण तर कुठल्याच दाताने नाही.

आणि वाजवणाऱ्यांनी, कबड्डी-बॉक्सिंग खेळणाऱ्यांनी मापाचा माउथगार्ड करून घ्या. इम्प्लांटला खऱ्या दातासारखी गादी नसते, फटका सरळ हाडावर जातो. आमच्या मुलीला जूनमध्ये सराव सुरू व्हायच्या आत करून दिला. तिचा एकच प्रश्न होता, भगव्या रंगात मिळेल का. मिळतो.